अनुभव धागा: मढ, वेसावे, मनोरी, गोराई – रिसॉर्टच्या पलीकडचा किनारा

रविवारी मुंबईच्या मढ-मनोरी-गोराईला जाणाऱ्यांना बंगले, रिसॉर्ट आणि शूटिंग दिसतं. कोळीवाडे तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तुम्ही तिथले असाल, मासळी विकत किंवा घेत असाल, होडीवर गेला असाल, तर लिहा. ‘दर्याचे राजे’ छापाचं नको, ते दर नारळी पौर्णिमेला भाषणात ऐकतोच. काय पाहिलं, काय खाल्लं, काय बिघडलं ते येऊ द्या.

वेसाव्यातून
आमच्याकडे वेसाव्यात, म्हणजे वर्सोव्यात, डोलीची मासेमारी. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात बांधून ठेवायचं. पाणी वाहील तशी मासळी आत येते. म्हणून आमच्या घरात तारखेपेक्षा तिथीला मान. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की प्रवाह मंद, मग जाळी शिवत बसायचं.

बोंबील वाळवणं हे आईचं आणि आत्याचं काम. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीच्या (बांबूच्या मांडवाच्या) दोरीवर टाकायची. दात बारीक, पण बोटांना चरे पडतातच. ओल्या बोंबलात पाणीच जास्त. मीठबीठ काही नाही, कडक ऊन आणि वारा मिळाला की तीन-चार दिवसांत वाळतो. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळा माल काळा पडतो आणि खताच्या भावात जातो.

शेजारी टॉवर झाले, आता तिथून वासाच्या तक्रारी येतात. फ्लॅट घेताना समुद्राच्या व्ह्यूचे जादा पैसे मोजले ना? वासही त्याच समुद्राचा.

मढहून
आमची स्वतःची होडी आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा होड्या नांगरून ठेवलेल्या होत्या. नांगर सुटले आणि होडीवर होडी आदळली. आमची बुडाली नाही, पण नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) फळ्या फुटल्या आणि जाळ्याच्या चिंध्या झाल्या. भरपाईच्या अर्जाला जाळ्याचं बिल जोडा म्हणाले. अहो, जाळं काय दुकानातून एका दिवसात आणतात? काही भाग बाबांनी विणलेला, काही जुन्यातून जोडलेला, त्याचं बिल कोण देणार? वर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे हंगामाचं शेपूटही हातातून गेलं.

खलाशी आता बहुतेक बाहेरच्या राज्यांतले. माझे चुलतभाऊ नोकरीला. त्यांना नावं ठेवणार नाही, डिझेल आणि बर्फाचा खर्च मीच भरतो, मला माहीत आहे.

मनोरीचा, ईस्ट इंडियन (इथलाच मराठी बोलणारा ख्रिस्ती)
कोळी म्हणजे हिंदूच, असं समजणारे अजून भेटतात. 1534 मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे साष्टीतली बरीच कोळी घरं ख्रिस्ती झाली. नावं बदलली, जाळी तीच राहिली. माझी आजी लुगडं नेसूनच चर्चला जायची. पावसाळ्यानंतर फादर येऊन होड्यांना आशीर्वाद देतात, शेजारच्या गावात तोवर दर्याला नारळ देऊन झालेला असतो. मे महिन्यात बॉटल मसाला कुटायचा आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. हॉटेलातल्या करीत तो असतो म्हणे. मला तरी कधी लागला नाही.

बोरिवलीहून, फक्त खाणारी
मार्वेहून फेरीने मनोरीला जाते. एकदा सुके बोंबील घेताना मावशी म्हणाली, “नुसतं बघतेस काय गो बाय, मोडून बघ. कट् वाजला तर घे.” तेव्हापासून वाण्याकडचे पाकिटातले घेतलेले नाहीत.

वरळी कोळीवाडा
मी मढ-गोराईची नाही, तरी लिहिते. आई पहाटे ससून डॉकला जायची. 1875 पासूनची गोदी, आणि लिलाव अजून नजरेवरच. पाटीतली मासळी एकदा चाळून भाव ठरवायचा, चुकला तर दिवसभराची कमाई गेली. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. गिऱ्हाईक मात्र तळहाताएवढं पिल्लू दाखवून “याचं स्वस्तात दे” म्हणतं. आई सरळ कोलबी पुढे करायची.

ठाण्याहून
सगळं वाचलं. मुलांना दाखवायला कधी न्यावं?

वेसाव्यातून
बोंबील वाळत घातलेले बघायचे तर दिवाळीनंतर मेपर्यंत कधीही, सकाळी या. जून-जुलैत होड्या ताडपत्रीखाली असतात, पण जाळी शिवणारे भेटतात आणि त्यांना गप्पांना वेळ असतो. वाळूवर पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका, फोटो विचारून काढा. आमच्याकडून बोंबील घेणार असाल तर जीपे चालतं.