सीमेवरच्या मारहाणीच्या साक्षी हिंदी-उर्दूतून उतरवायच्या आहेत, काय सांभाळायचं?

फोंडेकर_पाचजण

तुर्कस्तान-ग्रीसकडून युरोपात जाणाऱ्या बाल्कन मार्गावर निर्वासितांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या गटाला ध्वनिमुद्रित साक्षी उतरवून हव्या आहेत. बोलणारे पाकिस्तानी, अफगाण, काही बांगलादेशी. भाषा हिंदी-उर्दूची सरमिसळ. तिथल्या स्वयंसेवकांना ती कळत नाही, आपल्याला कळते, एवढीच आपली पात्रता. फोंडा-म्हापशातले आम्ही पाच जण मिळून आठवड्याला सहा तासांचं ध्वनिमुद्रण घेऊ म्हणतोय. शब्दशः किती उतरवायचं? फायली कशा ठेवायच्या, म्हणजे पुढे कोर्टात कोणी बोट ठेवणार नाही? आणि गोव्यात बसून हे करताना कायद्याचं काही आडवं येतं का?

शेवंती_डिचोली

आधी हिशेब. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला नुसतं उतरवायला चार तास लागतात. भाषांतर आणि दुसऱ्याने केलेली तपासणी धरली तर सात-आठ. म्हणजे सहा तासांचे पंचेचाळीस होतात. नोकरी सांभाळून करणार असाल तर तीनच तास कबूल करा. अर्धवट उतरवलेली साक्ष कोणाच्याच उपयोगाची नसते.

दोन रकाने ठेवा. डावीकडे माणूस बोलला तसं, देवनागरीत चालेल. उजवीकडे इंग्रजी. दर तीस सेकंदांनी वेळ टाका. ऐकू आलं नाही तिथे 'अस्पष्ट' आणि किती सेकंद तेवढंच. अंदाजाने भरायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्याचं वाक्यही उतरवा. "पोलिसांनी काठीने मारलं ना?" असं विचारल्यावर आलेल्या "हो"ची किंमत कमी, आणि ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. लपवलंत तर उलट तुमच्याच कागदावरचा विश्वास जातो.

आता शब्द. खरी फसगत इथे होते. हिंदीतला 'कल' म्हणजे आपला कालही आणि उद्याही. क्रियापद सोबत असलं तर कळतं, पण "कल वाला गेम" एवढंच आलं तर काय करणार? आणि 'परसों' बोलताना चार दिवसांपूर्वीचंही असतं. तारीख तुम्ही ठरवू नका. मूळ शब्द ठेवा, शेजारी 'तारीख विचारून घ्यावी' अशी खूण करा. 'गेम' म्हणजे सीमा ओलांडायचा प्रयत्न, सगळ्या मार्गावर हाच शब्द आहे. त्याचा 'खेळ' करू नका. 'डिपोर्ट किया' हा सगळ्यात धोक्याचा. बोलणाऱ्याच्या मनात असतं ते रात्री व्हॅनमधून नदीकाठी नेऊन सीमेपलीकडे ढकलणं, ज्याला पुशबॅक म्हणतात. कायद्यातली हद्दपारी म्हणजे लेखी आदेश, अपिलाची संधी, दुभाषी. भाषांतरात 'हद्दपार केले' लिहिलंत तर सरकारी वकील म्हणेल, बघा, रीतसर प्रक्रिया झाली होती. तीच गत 'आर्मी' आणि 'कमांडो'ची. गणवेशातला कोणीही आर्मी असतो, तोंड झाकलेला कमांडो. रंग, बिल्ला, गाडीवरची अक्षरं सांगितली असतील तर तेवढंच लिहा, खात्याचं नाव स्वतः लावू नका. 'पंद्रह-बीस लोग' म्हणजे १५ ते २०, सतरा नाहीत.

अफगाण माणसाची उर्दू बहुधा पेशावरकडे शिकलेली, दुसरी भाषा असते. साक्षीच्या माथ्यावर 'मातृभाषा पश्तो किंवा दरी, साक्ष उर्दूत' ही नोंद हवीच. वाक्य तुटक असेल तर तुटकच राहू दे. तुमची साहित्यिक कळकळ इथे बाजूला.

काजूबोंड

शेवंतीबाय म्हणतात त्यात कोर्टाची बाजू जोडतो, कारण एवढी काटेकोरी कशाला असं वाटू शकतं.

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ७ जानेवारी २०२५ रोजी ग्रीसविरुद्धचे दोन निकाल एकत्रच जाहीर केले. एकात तुर्की महिलेने २०१९ साली ग्रीस-तुर्कस्तान सीमेवरच्या एव्रोस नदीवरून परत ढकलल्याची तक्रार होती. ग्रीसमध्ये असताना पाठवलेले फोटो, व्हिडिओ, फोनवरची जागा असं साहित्य होतं. निकाल तिच्या बाजूने लागला आणि त्या काळात एव्रोसमधून परत ढकलणं पद्धतशीर चालू होतं असंही न्यायालयाने नोंदवलं. दुसरी तक्रार २०२० साली सामोस बेटावरून परत ढकलल्याची, एका अफगाण मुलाची. ती फेटाळली, कारण तो त्या दिवशी तिथे होता हेच प्राथमिक पुराव्याने उभं राहिलं नाही. पद्धतशीरपणाचे अहवाल दोन्हीकडे होते. फरक पडला तो त्या एका माणसाच्या पुराव्याने. बॉर्डर व्हायोलन्स मॉनिटरिंग नेटवर्कसारख्या जाळ्यांनी २०१६ पासून साक्षी गोळा केल्या, डिसेंबर २०२० मध्ये दीड हजार पानांचं संकलन काढलं. त्याने चित्र उभं राहतं. खटला मात्र एकेका फाइलवर उभा राहतो.

फायलींचं असं. ध्वनिमुद्रण हातात आल्या आल्या, उघडायच्याही आधी, त्याचा हॅश काढा, म्हणजे फाइलचा अक्षरांतला ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो. एसएचए-२५६ वापरा, ६४ अक्षरांची ओळ मिळते; विंडोजमध्ये सर्टयुटिल आधीपासून असतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. एका तक्त्यात लिहा: फाइलचं नाव, हॅश, कोणाकडून आली, कधी, कशातून. मूळ फाइल 'फक्त वाचा' करून ठेवा आणि काम प्रतीवर करा. आवाज वाढवायचा, गोंगाट काढायचा, तो प्रतीवरच. मूळ फाइल एडिटरात उघडून चुकून सेव्ह झाली की हॅश बदलला. मजकूर तोच आहे हे मग कितीही सांगा.

फोटो आणि क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवताना साध्या फोटोसारख्या नकोत. त्यात ठिकाण आणि घेतल्याची वेळ पुसली जाते, दर्जाही उतरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपने दिलेल्या, 'डब्ल्यूए' अक्षरं असलेल्या फाइलनावातली तारीख फाइल फोनवर आली त्या दिवसाची, फोटो काढल्याची नव्हे. शक्य तिथे सिग्नल वापरा, आणि निरोप आपोआप पुसला जाण्याची सोय चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर सकाळी फाइलच नसते.

वेळेची एक मेख. तुर्कस्तानची घड्याळं २०१६ पासून वर्षभर यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ३ तास पुढे असतात. ग्रीस हिवाळ्यात २ तास पुढे, उन्हाळ्यात ३. हिवाळ्यात एव्रोसकाठी फोनने पलीकडचा टॉवर पकडला की घड्याळ एक तास पुढे सरकतं. त्यामुळे एकाच फोनवरचे दोन फोटो उलट्या क्रमाने दिसू शकतात. फोटोतली जीपीएसची वेळ यूटीसीत असते, ती वेगळी वाचा. आणि तक्त्यात सगळं यूटीसीत लिहा. आपल्या साडेपाच तासांचा घोळ त्यात आणखी नको.

जखमांचे फोटो मागायची वेळ आली तर: एक लांबून, शरीराचा भाग कळेल असा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, कॅमेरा काटकोनात, आणि दोन दिवसांनी पुन्हा, कारण वळ नंतर उठून दिसतात. वळाच्या रंगावरून दिवस सांगायच्या फंदात पडू नका. डॉक्टरलाही ते नेमकं जमत नाही. 'सांगितलेल्या मारहाणीशी सुसंगत' हे इस्तंबूल प्रोटोकॉलचं, म्हणजे छळाच्या तपासणीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीचं, शब्दभांडार डॉक्टरचं आहे, आपलं नाही.

फोंडेकर_पाचजण

दोघांचेही आभार. फायली ठेवायच्या कुठे, घरच्या लॅपटॉपवर चालतील?

काजूबोंड

चालतील, पण पूर्ण डिस्क एनक्रिप्ट केलेल्या. वेराक्रिप्ट फुकट आहे. पासवर्ड पाच जणांत एकच नको. दोन बाहेरच्या ड्राइव्ह, दोन वेगळ्या घरांत. आणि गोव्याचा पावसाळा लक्षात घ्या: जून ते सप्टेंबर ड्राइव्ह सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. प्रत काढताना वीज गेली की ड्राइव्ह बिघडते, तेव्हा यूपीएसशिवाय कॉपीला हात लावू नका. महिन्यातून एकदा हॅश पुन्हा ताडून बघा.

नावं मात्र या ड्राइव्हवर नकोतच. साक्षीला क्रमांक, आणि क्रमांक-नावाची यादी तिकडच्या संस्थेकडे.

पर्वरी_कट्टा

कायद्याचं थोडक्यात. भारताने १९५१ चा निर्वासित करार केलेला नाही, पण तुमचं काम इथल्या निर्वासितांचं नाही, त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही. बिनपैशाचं भाषांतर करणं हा गुन्हा नव्हे. पैसे आले की गणित बदलतं. पाच जणांचा 'गट' म्हणून परदेशी संस्थेकडून देणगी घेतलीत तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो: नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवा. कोणाच्या बचत खात्यात 'लॅपटॉपसाठी' म्हणून घेऊ नका. व्यावसायिक भाषांतरकाराने बिल देऊन घेतलेली फी हा वेगळा मामला. त्यासाठी सीएला विचारा.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधलं प्रमाणपत्र, ज्यात हॅश लिहावा लागतो, ते इथल्या कोर्टासाठी. स्ट्रासबर्गला त्याची सक्ती नाही. तरी त्याचा नमुना समोर ठेवून तक्ता केलात तर काही बिघडत नाही.

एक गोष्ट तुमच्या नेहमीच्या वेळापत्रकात बसवा. स्ट्रासबर्गच्या न्यायालयात जायची मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून देशातल्या अंतिम निर्णयानंतर चार महिने आहे, पूर्वी सहा होती. "उतरवतो सावकाश" म्हणत दोन महिने गेले तर वकिलाच्या हातात उरतं काय?

तारवटी_वास्को

विषयाला जोडूनच विचारतो. गोव्यातले कितीतरी तारवटी भूमध्य समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर असतात. बुडती होडी दिसली तर त्यांनी नोंदवायचं काय?

शेवंती_डिचोली

चांगला प्रश्न काढलात, बाब. वाचवणं हे कप्तानाचं कर्तव्य, समुद्रावरच्या सुरक्षेच्या सोलास करारातच आहे. भीती असते ती नंतरची. २०२० मध्ये मर्स्क एटिएन या टँकरने माल्टाच्या विनंतीवरून २७ जणांना उचललं आणि त्यांना उतरवून घ्यायला कोणी बंदर देईना. ३८ दिवस ती माणसं जहाजावरच होती. म्हणून कप्तान-कंपनी कचरतात, हे धरून चाला.

खलाशाच्या हातात नोंद असते. होडीची जागा, यूटीसी वेळ, अंदाजे माणसं, मुलं किती, होडी रबराची की लाकडी, रंग, इंजिन चालू की बंद. अलार्म फोन हा २०१४ पासूनचा स्वयंसेवी हेल्पलाइन गट होडीतल्यांनाही जवळपास हेच विचारतो. ते स्वतः होड्या पाठवत नाहीत, तटरक्षकांना कळवतात आणि पाठपुरावा करतात. जागा लिहिताना रीत स्पष्ट हवी: ३५ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात ३५.५०. कोणी ते ३५.३० वाचलं तर शोधणारा १२ सागरी मैल भलतीकडे जातो.

जहाजाच्या ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे व्हीडीआरमध्ये, रडार आणि व्हीएचएफ रेडिओवरचं बोलणं सगळं असतं, पण ते वरचेवर पुसलं जाऊन नवं चढतं. जुन्या यंत्रात १२ तासांतच. १ जुलै २०१४ नंतर बसवलेल्यांत ३० दिवस टिकतं. सेव्हचं बटण दाबायला ब्रिजवरच्या अधिकाऱ्याला वेळेत सांगणं, खलाशाकडून एवढं झालं तरी पुष्कळ. मोबाइलवरचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकू नये: चेहरे दिसतात, कंपनीची मनाईही असते.

फोंडेकर_पाचजण

तीन तासांचंच कबूल केलं. तक्त्यात रकाने असे धरलेत: क्रमांक, हॅश, आल्याची यूटीसी वेळ, कशातून आली, साक्षीची भाषा, मातृभाषा, उतरवणारा, तपासणारा, शंकेच्या जागा. काही राहिलं?

काजूबोंड

संमती. कशाकशासाठी दिली ते वेगवेगळं: फक्त अहवालासाठी, वकिलासाठी, की प्रसिद्धीसाठीही. आणि ती मागे घेतली तर कोणत्या प्रती पुसायच्या, तोही रकाना आत्ताच घाला.