पाथ ट्रेसर: चादरीवर काळे ठिपके, भिंतीवर पांढरे कण, त्यात लाइटचा खेळ

जुळे_सोलापूरकर: नोकरी सांभाळून अमेरिकेतल्या विद्यापीठाचं दूरशिक्षण मास्टर्स चालू आहे, या सत्रात अ‍ॅडव्हान्स्ड ग्राफिक्स. सी प्लस प्लसमध्ये पाथ ट्रेसर (कॅमेऱ्यातून किरण सोडून, ते उसळत जाताना प्रकाश मोजून चित्र काढणारा प्रोग्राम) लिहायचाय. सीन मिलिमीटरमध्ये: खोली, छताला छोटा दिवा, पलंगावर सोलापुरी चादर. चादरीवर काळे ठिपके येतात. भिंतीवरचे पांढरे कण ६४ चे २५६ सॅम्पल (दर पिक्सेलमागे किरण) केले तरी हटत नाहीत. लॅपटॉपची बॅटरी मेलेली; लाइट गेली की रेंडर (चित्र काढणं) पहिल्यापासून. मुदत रविवार रात्री ११:५९, अमेरिकेची ईस्टर्न वेळ.

किरणवाला: ठिपके म्हणजे सावलीचा किरण (पृष्ठभागावरून दिव्याकडे, मध्ये अडथळा आहे का बघणारा) निघाल्या जागीच पृष्ठभागाला धडकतोय. एप्सिलॉन (किरणाचा आरंभबिंदू पृष्ठभागापासून जेवढा सरकवतो ते अंतर) ०.०००१ ठेवला असणार. मिलिमीटरमध्ये खोलीतले आकडे हजारांत जातात: ३००० मध्ये ०.०००१ मिळवा, ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये उत्तर ३०००च येतं. तिथे दोन लगतच्या आकड्यांतलं अंतरच ०.०००२४ आहे. सीन मीटरमध्ये आणा. आरंभबिंदू भौमितिक नॉर्मलच्या (पृष्ठभागाच्या खऱ्या लंबाच्या) दिशेने सरकवा, शेडिंग नॉर्मलच्या (गुळगुळीत दिसावं म्हणून वळवलेल्या लंबाच्या) नाही. तरीही एखादा पिक्सेल काळाच राहिला तर नॅन (०/० सारखा अवैध आकडा) तपासा. बेरजेत एकदा नॅन शिरला की तो पिक्सेल गेला.

सॅम्पलराव: चौपट सॅम्पलने नॉइज (कण) फक्त निम्मा होतो, त्यामुळे २५६ ने फार फरक पडणार नाहीच. दिवा छोटा, किरण त्याला क्वचित लागतो, आणि लागला की एकदम प्रचंड ऊर्जा आणतो. प्रत्येक उसळीला दिव्यावर एक बिंदू निवडून थेट सावलीचा किरण सोडा. दोन्ही कोसाइन (पृष्ठभागाकडचा आणि दिव्याकडचा), अंतराचा वर्ग, दिव्याचं क्षेत्रफळ विसरू नका. मग उसळलेला किरण योगायोगाने दिव्याला लागला तर त्याचा प्रकाश मिळवायचा नाही, नाहीतर दुप्पट मोजला जातो. कॅमेऱ्यातून किंवा आरशावरून आलेल्या किरणाला मात्र सूट. क्लॅम्प करून (जास्तीची ऊर्जा कापून) कण लपतात, पण चित्र अंधारतं. केलंत तर रिपोर्टमध्ये लिहा.

एमआयडीसी_रात्रपाळी: लाइटचं असं करा. पिक्सेलची बेरीज फ्लोटमध्येच, लिनिअर (पडद्यासाठी न बदललेली) ठेवा. दर १६ सॅम्पलनंतर ती आणि सॅम्पलची संख्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, लिहून झाल्यावरच नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी आणा. थेट जुन्यावर लिहिताना लाइट गेली तर दोन्ही गेलं. पुन्हा सुरू करताना सीड (रँडम आकडे ज्यापासून सुरू होतात तो आकडा) बदला. तोच सीड दिला तर तेच सॅम्पल परत मिळतात, तास वाया. प्रत्येक थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) स्वतःचा रँडम जनरेटर द्या. आणि बिल्ड डीबगमध्ये (चुका शोधायच्या, संथ प्रकारात) तर नाही ना? हे आधी बघा. चाचणीला ४००×३०० पुरे.

बाकी मुदत आपल्याकडे सोमवारी सकाळी ९:२९, त्यांच्याकडे हिवाळी वेळ असेल तर १०:२९.

जुळे_सोलापूरकर: डीबगच होतं की ओ! मीटर केलं, एप्सिलॉन ०.०१. ठिपके गेले, पण चादरीच्या कडेची सावली पलंगापासून सुटलेली दिसते.

किरणवाला: ०.०१ म्हणजे एक सेंटीमीटर, तेवढी जाड चादर नसते. ०.०००१ करा.