‘घरी कुकर लावा’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

बोरिवली_स्लो:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलंय की मुंबईत चौघांना ४०० रुपयांत पोटभर आणि हेल्दी बाहेर मिळणं शक्यच नाही, मिळतं म्हणणारे सगळे आळशी, घरी वरणभाताचा कुकर लावायला काय होतं. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय. काका, कुकर लावायला काहीच होत नाही, पण चर्चगेटहून साडेसहाची बोरिवली पकडून, धाकटीला पाळणाघरातून उचलून, थोरल्याला क्लासवरून ओढत आणून आठ वाजता दार उघडलं आणि सिंकमध्ये सकाळचाच कुकर दिसला की काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही.

आमचा हिशेब ऐका. आठवड्यातून दोनदा स्टेशनजवळच्या उडप्याकडे. दोन प्लेट इडली ११०, उपमा ६०, साधा डोसा ८०, दोन ताक ६०. झाले ३१०. मैदा नाही, तळण नाही, इडली तर उकडलेली, आंबवलेली. त्याच रस्त्यावर बर्गरवाल्याकडे चौघांचे ८०० झाले होते आणि घरी येऊन मुलांनी परत दूधपोळी मागितली. तर प्रश्न एवढाच, यात आळशी कोण?

खडूस_काका:
तो सद्गृहस्थ मीच. ताई, रागावू नका पण इडली म्हणजे गोल आकाराचा भात. त्यावर साधा डोसा, तव्यावर तेल किती ओततात ते आत जाऊन बघा. १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की तेल टाकून द्यायचं. तुमच्या नाक्यावरच्या कढईत कोण मोजतंय? आमच्या हिने ३१ वर्षं फोर्टात नोकरी केली, रोज सकाळी पोळ्या लाटून ७.४० पकडली, कधी तक्रार नाही.

बोरिवली_स्लो:
‘आमच्या हिने’. वाटलंच होतं. म्हणजे कुकर काका लावत नव्हते.
आणि इडलीला कढई कशी लागते तेवढं सांगा.

लालबागचा_बबन:
वडापावाला विसरलात? १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी गाडी लावली त्यावर अख्खा गिरणगाव जगला, आमचे बाबा दुसऱ्या पाळीला दोन वडापाव खाऊन जायचे, ७८ वर्षं जगले, काही झालं नाही. हे हेल्दी बिल्दी हल्लीचं खूळ.

खडूस_काका:
तुमचे बाबा आठ तास साच्यावर उभे असायचे. तुम्ही आठ तास खुर्चीत असता.

माटुंगा_टेबल६:
बोरिवलीताईंना अनुमोदन, पण मुद्द्याचं कुणी बोलतच नाहीये. इडलीत जो काही दम आहे तो सांबारात, डाळ तिथे, भोपळा तिथे, शेवग्याची शेंग तिथे. तांदूळ-उडदाला तुरीची जोड मिळाली की पोरांचं जेवण होतं. आणि नेमकं तेच आता एक्स्ट्रा! दर रविवारी सकाळी लेकाला घेऊन एका हॉटेलात जातो, नाव लिहीत नाही, चाळीस वर्षं तिथे पितळी बादली घेऊन पोऱ्या फिरायचा आणि न विचारता वाढायचा. मागच्या महिन्यापासून वाटीला २० रुपये. दुसरी वाटी मागितली तर वेटरने मेन्यूकार्डावर बोट ठेवलं. माझ्या वडिलांना ओळखणारा वेटर हो!

गल्ल्यावरचा:
हे वाचून डोकं फिरलं. आमचं बावीस टेबलांचं हॉटेल आहे. एक प्लेट इडली, चार वाट्या सांबार, तासभर मोबाईल चार्जिंगला आणि वर ‘पितळी बादली कुठे गेली’. १९ किलोचा सिलिंडर, तुरीचा भाव, जागेचं भाडं हे कोण भरणार, तुमचे वडील? ५ टक्के जीएसटीवाल्या हॉटेलांना मालावर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही, तेही खिशातूनच जातं. चटणी अजून फुकट आहे, नशीब समजा.

माटुंगा_टेबल६:
वडिलांवर जायचं काम नाही. आणि डाळीचा भाव सांगताय, तर सांबारात डाळ शोधावी लागते, गूळच जास्त. गोडमिट्ट पाणी. हेल्दीच्या धाग्यावर हेही येऊ द्या.

गल्ल्यावरचा:
उडपी सांबारात गूळ असतोच. नको असेल तर मद्रासला जा.

माटुंगा_टेबल६:
चिमूटभर असतो. शिऱ्यासारखा नाही.

दादर_ई:
सांबार आवरा. अवांतर करताच आहात तर ऐका, परवडणारं आणि पौष्टिक फास्टफूड सरकारने १९९५ सालीच काढलं होतं, एक रुपयात झुणका-भाकर. ज्वारी आणि बेसन, अजून काय पाहिजे. मी कॉलेजात असताना खाल्लीय, झुणका कोरडा असायचा पण भाकरी गरम. पुढे आमच्या नाक्यावरच्या त्याच टपरीत मंचुरियन तळायला लागले. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी शिवभोजन आलं, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्याबद्दल इथे एक अक्षर नाही, कारण तिथे बसायला आपल्याला लाज वाटते.

बोरिवली_स्लो:
लाज नाही हो, शिवभोजनाची वेळ दुपारी १२ ते २ ची होती. त्या वेळी मी ऑफिसात, मुलं शाळेत. मला रात्री आठला काय मिळतं ते सांगा.

दादर_ई:
बरं, ते मान्य. आठला थालीपीठ मिळतं, उसळ मिळते, दादर-गिरगावच्या मराठी हॉटेलांत अजून मिळते. नुसती पाटी बघून भुलू नका एवढंच. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होमच्या नावातच हेल्थ आहे, पण लोक येतात मिसळीला.

लालबागचा_बबन:
मिसळीत मटकी असते. मोड आलेली. घ्या तुमचं हेल्दी.

गल्ल्यावरचा:
ताई, रात्री आठला कुठल्याही उडप्याकडे सांगा ‘डोसा कम तेल’, करून देतात, आम्ही तरी देतो. तेल वाचलं तर आमचाच फायदा. कुणी मागतच नाही, सगळ्यांना कडेने बटर ओघळताना पाहिजे आणि मग घरी जाऊन आमच्यावर लिहायचं.

माटुंगा_टेबल६:
आणि सांबार?

गल्ल्यावरचा:
२० रुपये.

खडूस_काका:
तीन दिवस गप्प होतो. मंगळवारी हिला ताप होता. कुकर लावला, शिट्टी होईना, रिंग उलटी बसली होती म्हणे. खालून तीन प्लेट इडली आणली. सांबार जास्तीचा घेतला. २० रुपये दिले. यापुढे या विषयावर मला कुणी काही विचारू नये.

माटुंगा_टेबल६:
एकच विचारतो काका. गोड होता का?

खडूस_काका:
होता.