जुनापाणीच्या धोंड्यांवरच्या वाट्या अन् स्कॉटलंडमधल्या वाट्या: फोटो कसे काढावेत?

धुऱ्यावरचा (हिंगणा तालुका)
राम राम मंडळी. आमच्याकडे नागपूरजवळ जुनापाणीसारख्या ठिकाणी शिळावर्तुळं, म्हणजे धोंड्यांची जुनी गोल कडी आहेत. त्यांतल्या काही धोंड्यांवर वाटीसारख्या खळग्या ओळीनं कोरल्या आहेत. मोबाइलच्या फोटोत त्या दिसतच नाहीत, नुसता काळा दगड येतो. भाचा ग्लासगोला शिकतो. डिसेंबरात तो किलमार्टिन खोऱ्यातले असेच खडक पाहायला जाणार आहे. दोन्हीकडचे फोटो गावच्या शाळेत शेजारी शेजारी लावायचे आहेत. कोणत्या वेळी, कसे काढावेत? अन् या दोन्हींचं काही नातं आहे का?

तिरपं ऊन
भाऊ, दोष मोबाइलचा नाही, उन्हाचा आहे. खळगी उथळ असते, म्हणून ऊन दगडाला घासून गेलं तरच तिच्यात सावली पडते. आडव्या दगडावर सूर्य क्षितिजापासून १०-१२ अंशांच्या आत असेल तेवढाच वेळ कामाचा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य तासाला साधारण १२-१३ अंश चढतो, म्हणजे उगवल्यावर एक तास अन् मावळण्याआधी एक तास. भाच्याची तिथे चंगळ आहे. किलमार्टिन ५६ अक्षांशावर असल्यानं डिसेंबरात भर दुपारीही सूर्य साडेदहा अंशांच्या आसपासच राहतो. ढग नसले तर दिवसभर तिरपं ऊन, पण दिवस सातच तासांचा.

खळग्या धोंड्याच्या उभ्या अंगावर असतील तर हिशेब बदलतो. तेव्हा ऊन त्या अंगाला समांतर येईल ती वेळ धरायची, मग ती दुपारची का असेना.

मोबाइलमधलं एचडीआर आधी बंद करा. ते सावल्या उजळवतं अन् खळग्या पुसून टाकतं. मी तर म्हणेन निम्मे फोटो इथेच वाया जातात. फोकस दगडावर धरून उजेड थोडा कमी करा. वाइड लेन्स वापरू नका, कडेच्या खळग्या ताणल्या जातात. शेजारी १० सेंटीमीटरची पट्टी ठेवा. सूर्य पाठीशी घेऊ नका, तुमचीच सावली दगडावर येईल. वेळ हुकली तर दोघांनी दगडावर चादरीची सावली धरायची, तिसऱ्यानं जमिनीलगत टॉर्च धरून एका बाजूनं उजेड टाकायचा.

जुनी माती
नात्याबद्दल. दोन्हीकडचे दगड एका काळाचे नाहीत, हे शाळेतल्या फलकावर ठळक लिहा. किलमार्टिनचं टेंपल वूड वर्तुळ इसवी सनापूर्वी ३००० च्याही आधी सुरू झालं. आपली वर्तुळं लोहयुगातली, ढोबळमानानं इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकातली, अन् ती दफनाची. आत मातीगोट्यांचा भराव, खाली हाडं, मडकी, लोखंडी अवजारं. नक्षीतही फरक आहे: तिकडे अख्नाब्रेकला खळगीभोवती एकात एक वर्तुळं कोरली आहेत, आपल्याकडे साध्या खळग्यांच्या ओळी.

पण धागा आहे. जुनापाणीला १८६७ मध्ये उत्खनन करणाऱ्या रिव्हेट-कार्नॅकनं या खळग्या स्कॉटलंडमधल्या खळग्यांशी ताडून पाहिल्या होत्या. त्याच्याही आधीचा दुवा म्हणजे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. जन्म स्कॉटलंडमधल्या डन्सचा, नागपुरात आला १८४५ मध्ये. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. भाच्याला डन्सचाही एक फोटो काढायला सांगा, टाकळघाटच्या फोटोशेजारी तो शोभेल.

नकाशेवाली ताई
जागा शोधण्यासाठी भाच्यानं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (तिथलं सरकारी मोजणी खातं) नकाशे बघावेत. ऑनलाइन फुकट आहेत अन् शेजारी उपग्रहचित्र लावून पाहता येतं. पुरातन जागांची नावं त्यांत जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात, त्यामुळे लगेच सापडतात. २००३ च्या कायद्यानं तिथे खासगी रानातूनही जबाबदारीनं चालत जाता येतं. कुंपणाचं फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. डिसेंबरात मिज चिलटं नसतात, ती उन्हाळ्यात छळतात.

आपल्याकडे गुगल अर्थमध्ये एप्रिल-मे महिन्यांची जुनी चित्रं लावा. बरडावर गवत नसतं, तेव्हा गोट्यांची कडी वरून दिसते. पावसाळ्यानंतर तरोटा अन् गवत सगळं झाकतं, म्हणून प्रत्यक्ष जायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत. वावर कोणाचं असेल त्याला आधी विचारा. प्रत्येक फोटोसोबत अक्षांश-रेखांश अन् कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी दगड ओळखू येत नाही.

धुऱ्यावरचा
मनापासून आभार. खळग्यांत खडू भरला तर चालेल का? अन् वरचं शेवाळ घासून काढावं का?

तिरपं ऊन
दोन्ही नाही. खडू भरला की फोटोत तुमची समजूत उमटते, पुसट राहिलेल्या खळग्या कायमच्या सुटतात, अन् खडूचे कण दगडाच्या बारीक भेगांत राहतात. वरचं बहुतेक दगडफूल असतं. ते घासलं की त्याच्यासोबत दगडाचा पापुद्रा निघतो. जुनापाणी तर संरक्षित जागा आहे, तिथे दगडाला हातच लावायचा नाही.

खळग्या फारच पुसट असतील तर त्रिमितीय प्रतिमा करा. मात्र त्याला ढगाळ, सावली न पडणारा उजेड हवा. दगडाभोवती फिरत ५०-६० फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्याचा दोन तृतीयांश भाग यायला हवा, झूम मध्येच बदलायचा नाही. मग संगणकावर त्या प्रतिमेवर हवा तसा तिरपा उजेड पाडता येतो. स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ च्या कोरीव खडकांच्या प्रकल्पात गावोगावच्या स्वयंसेवकांनी याच पद्धतीनं नोंदी केल्या.