शब्दचर्चा: पेशींचं ‘विलगीकरण’ की पेशी ‘वेचणं’?

प्रश्न: कॅन्सरच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. चुंबकीय नॅनोकणांनी रक्तातल्या कर्कपेशी बाहेर काढतात, त्या चाचणीबद्दल. आधीच्या मसुद्यात ‘अभिसारी अर्बुद पेशींचे विलगीकरण’ असं आहे. आईला वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं, “म्हणजे पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवणार का?” काय लिहावं?

उत्तर: ताई, आईंची शंका अगदी रास्त आहे. २०२० पासून ‘विलगीकरण’ म्हटलं की माणसाला बंद खोली आठवते. ‘अभिसारी’ही नको. तो रक्ताभिसरणातून घेतला असणार, पण शाळेत अभिसारी भिंग म्हणजे किरण एका बिंदूत आणणारं, आणि काव्यात अभिसारिका प्रियकराला भेटायला निघालेली. ‘रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी’ पुरे.

क्रियापद मात्र जपून निवडा. मी ‘वेचणे’ म्हणेन. तांदूळ निवडताना खडे काढून टाकायचे असतात. इथे खडेच हवे आहेत! एक मिलिलिटर रक्तात सुमारे पाच अब्ज तांबड्या पेशी असतात. अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळालेल्या सेलसर्च चाचणीत साडेसात मिलिलिटर रक्त घेतात, आणि शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यात पाच कर्कपेशी सापडल्या तरी ती गंभीर खूण मानतात. एवढ्या गर्दीतून चार-पाच दाणे उचलायला मराठीत ‘वेचणे’ हाच शब्द आहे.

आणखी एक मत: ‘वेचणे’ला माझाही होकार. ‘अर्बुद’ काढून ‘गाठ’ लिहा. सुश्रुतसंहितेत अर्बुद म्हणजे गाठच, पण भास्कराचार्यांच्या लीलावतीत अर्बुद म्हणजे दहा कोटी, आणि लगेच पुढची संख्या अब्ज. त्याच अब्जावरून नॅनोला आपण ‘अब्जांश’ म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो, अर्थ त्यातच उलगडतो. तरी पत्रकात ‘नॅनोकण’ ठेवा, रुग्णाला डॉक्टरांच्या तोंडूनही तोच ऐकू येईल.

एक चूक टाळा: ‘चुंबक कर्कपेशींना खेचतो’ असं लिहू नका. पेशीत लोहचुंबकाला ओढता येईल असं काही नसतं. लोहाच्या संयुगाच्या कणांवर अँटिबॉडी बसवलेली असते. ती एपकॅम नावाच्या प्रथिनाला धरते. हे प्रथिन गाठीतून सुटलेल्या बऱ्याच पेशींवर असतं, रक्तपेशींवर सहसा नसतं. चुंबक ओढतो कणांना, पेशी त्यांना धरून येते.

प्रश्नकर्ती: मग निकालात ‘कर्कपेशी नाहीत’ असं लिहिलं तर चालेल?

उत्तर: नाही, आणि इथे शब्दाची जबाबदारी मोठी आहे. पसरताना काही पेशी एपकॅम गमावतात, मग कणांना धरायला जागाच उरत नाही. वेचणाऱ्याच्या हाती लागलं नाही म्हणजे शेतात काहीच नव्हतं, असं होत नाही. ‘आढळल्या नाहीत’ लिहा.

प्रश्नकर्ती: असं केलं: ‘रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींना नॅनोकण चिकटवून त्या चुंबकाने वेचल्या जातात आणि मोजल्या जातात.’ आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिनं खोलीबद्दल काही विचारलं नाही. “रक्त किती काढतात?” एवढंच विचारलं.