निक डेकॉस खरंच एवढा भारी आहे का नुसती हवा?

टार्नीटकर
नमस्कार मंडळी, आधीच सांगतो फूटीतलं (म्हणजे इथलं ऑस्ट्रेलियन फुटबॉल) मला अजून अर्धंच कळतं, नाशिकहून मेलबर्नला येऊन दोनच सिझन झालेत, त्यामुळे हसू नका. ऑफिसात टिपिंग (दर राउंडला कोण जिंकणार ते ओळखायचं) चालतं त्यात मी दोन्ही वर्षं तळाला, ते जाऊ द्या.

तर प्रश्न कॉलिंगवूडच्या निक डेकॉसबद्दल. आमच्या ऑफिसच्या टीममधे चार पाईजवाले (कॉलिंगवूडचे भक्त) आहेत आणि चौघंही त्याचं नाव असं घेतात की जणू गणपतीच बसलाय. म्हणून मी एक अख्खी मॅच मुद्दाम फक्त त्याच्यावर डोळा ठेवून बघितली. झालं काय, की घोळक्यात बाकीचे मरमर करतात, कुणीतरी तोंडावर आपटून बॉल बाहेर काढतो, हा बाहेर मोकळा उभाच असतो, घेतो, चार पावलं पळतो आणि शेजारच्याला देतो. शेवटी आकडा बघा तर ३५ डिस्पोजल, म्हणजे ३५ वेळा बॉल पुढे दिला! आपल्याकडे एखाद्याने वनडेत १३० बॉल खाऊन ८० नाबाद केले तर आपण टाळ्या वाजवतो का शिव्या घालतो? मग हा वेगळा कसा? आणि असा माणूस वर्षाला दहा लाख डॉलरच्या लायकीचा म्हणतात ते कशावरून? भांडायला नाही विचारत, खरंच कळून घ्यायचंय.

ब्लूज_काका
अरे वा, पहिल्यांदा कुणीतरी बोललं. मी १८ वर्षं इथे आहे, पहिल्याच वर्षी घरमालकाने कार्लटन क्लबचा (ब्लूज म्हणतात त्यांना) स्कार्फ गळ्यात घातला तो अजून निघाला नाही, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूने असणार ते तू समजूनच घे.

डेकॉस चांगला आहे, नाही असं नाही. पण खरा मिडफिल्डर बघायचा तर पॅट्रिक क्रिप्सला बघ. तो घोळक्याच्या बाहेर उभा राहत नाही, तो स्वतःच घोळका आहे. दोन जण कमरेला, एक पाठीवर, आणि तरी हात वर काढून हँडबॉल (मुठीने ठोकून पास) देतो. २०२४ ला ब्राउनलोमधे (सिझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) त्याला ४५ मतं पडली, त्याआधीचा रेकॉर्ड ३६ होता (डस्टिन मार्टिन आणि ऑली वाइन्स दोघांचा). म्हणजे रेकॉर्ड मोडला नाही, कुटून ठेवला.

आणि एक गोष्ट पाईजवाले कधी काढत नाहीत. २०२३ ची क्वालिफायिंग फायनल, मेलबर्नविरुद्ध, डेकॉस दुखापतीमुळे बाहेर, आणि कॉलिंगवूड ७ पॉइंटने जिंकलं. ज्याच्यावाचून अडतं तो मौल्यवान, ना? मग अडलं कुठे?

पाईज_पक्की
काका तुम्ही परत सुरू 😀 ४५ मतं मान्य, क्रिप्स माझापण आवडता आहे. पण त्याच रात्री दुसरा कोण होता ते का गिळलंत? निक डेकॉस, ३८ मतं. म्हणजे तुमचा तो जुना ३६ चा रेकॉर्ड त्यानेपण मोडला होता, फक्त चुकीच्या वर्षी मोडला. २०२५ ला परत दुसरा, मॅट रोवेल ३९ आणि हा ३२. आणि ही मतं आमच्यासारखे स्कार्फवाले देत नाहीत, मैदानावर उभे असलेले अंपायर देतात, दर मॅचला ३-२-१.

मेलबर्नची मॅच काढलीत तर पूर्ण काढा. त्याच्या आधीच्या एका मॅचला हॉथॉर्न क्लबने निकच्या मागे फिन मॅगिनेस सोडला होता. गोचिडासारखा चिकटला पोरगा, बॉलकडे बघतच नव्हता, फक्त निककडे. निकचे त्या दिवशी ५ डिस्पोजल, त्यातच गुडघ्याचं हाड गेलं, आणि आम्ही हरलो. तिथे अडलं ना काका! नंतर थेट प्रिलिमिनरी फायनलला (ग्रँड फायनलच्या आधीची) परत आला, जायंट्सविरुद्ध १ पॉइंटने जिंकलो, मग ग्रँड फायनल ब्रिस्बेन लायन्सविरुद्ध ४ पॉइंटने. एवढ्या बारीक फरकाच्या मॅचेसमधे "तो नसता तरी चाललं असतं" असं मी तरी छातीठोक म्हणणार नाही.

@टार्नीटकर, तुमची जाम गल्लत होतेय. तुम्ही बॉल त्याच्याकडे आल्यावर बघायला लागता, तो यायच्या आधी दहा सेकंद बघा. मोकळा "उभा असतो" म्हणालात, तो मोकळा कसा झाला ते बघा. सगळी टीम त्याला शोधत असताना एमसीजीवर मोकळं सापडणं म्हणजे सकाळी साडेनऊला दादर स्टेशनवर बसायला बाकडं मिळण्यासारखं आहे. (मी माहेरची दादरची, मला अनुभव आहे.)

आकडेमोड
दोघंही भावनेच्या भरात बोलताय, म्हणून जरा आकड्यांचं बोलतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

डिस्पोजल म्हणजे किक अधिक हँडबॉल, बस. कुठे गेला, कुणाला मिळाला, त्यातून काही झालं का, यातलं काहीच त्यात नसतं. सगळ्यात मोठं उदाहरण टॉम मिचेल. २०१८ च्या पहिल्याच राउंडला कॉलिंगवूडविरुद्ध ५४ डिस्पोजल, आजवर एका मॅचमधे इतके कुणीच केले नाहीत, त्या वर्षीचा ब्राउनलोपण त्यालाच. आणि त्याच मिचेलला चार वर्षांनी, २०२२ च्या शेवटी, हॉथॉर्नने फारसं काही पदरात न पाडून घेता कॉलिंगवूडला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी तो फ्लॅग (म्हणजे लीगचं विजेतेपद) जिंकला तो भाग वेगळा, पण बाजाराने नुसत्या आकड्याला काय भाव दिला ते दिसलं.

म्हणून मी तीन गोष्टी बघतो. कंटेस्टेड किती, म्हणजे कुणीतरी अंगावर असताना स्वतः काढलेला बॉल. क्लिअरन्स किती, म्हणजे घोळक्यातून बॉल बाहेर. आणि तिसरी, जिच्याकडे लोकं बघतच नाहीत, त्याच्या किकनंतर पुढचा माणूस धावता धावता बॉल घेतो का थांबून पाठ करून घेतो. पहिल्या दोन्हीत क्रिप्स आणि रोवेल राजे आहेत. तिसरीत डेकॉस. त्याची किक माणसाला जात नाही, माणूस जिथे दोन सेकंदांनी असणार तिथे जाते. आणि ही तिसरी गोष्ट टीव्हीवर दिसत नाही, कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यासाठी वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढून बसावं लागतं.

तुझं ८० नाबाद वालं उदाहरण मला पटत नाही. कबड्डी घे. एक रेडर असा असतो की तो नुसता मधली लाइन ओलांडून गेला की समोरचे सातच्या सात साखळी धरून एका कोपऱ्यात सरकतात. त्या रेडमधे त्याला पॉइंट मिळो न मिळो, बाकीच्यांना पुढची रेड सोपी जाते. मॅगिनेससारखा एक माणूस समोरची टीम खर्ची घालते म्हणजे त्यांचा एक धावणारा कमी झाला. सेंटरला सुरुवात होताना मधल्या चौकोनात दोन्हीकडून चारचार जणच असतात, एक रक (उडी मारून बॉल ठोकणारा उंच माणूस) आणि तीन मिडफिल्डर. त्या तिघांतला एक जर बॉल सोडून डेकॉसच्या जर्सीला लोंबकळत असेल तर हिशोब तूच कर.

पण मग काकांच्या बाजूनेपण एक. टॅग (असा चिकटून राहणारा माणूस) लागल्यावर क्रिप्स टॅगरला खांद्यावर घेऊन चालू लागतो. डेकॉसचं अंग ते नाही, त्याला टॅगने अजूनही त्रास होतो.

टार्नीटकर
कबड्डीने एकदम टकुऱ्यात शिरलं, धन्यवाद. पाईज_पक्की ताई, दादरचं बाकडंपण पटलं. पण मग किमतीचं काय? २०२५ च्या शेवटी मेलबर्नने क्लेटन ऑलिव्हर जवळपास फुकट दिला असं वाचलं. हे मला अजिबात समजलं नाही.

आकडेमोड
ते उदाहरण तर सोन्यासारखं आहे. ऑलिव्हर म्हणजे चार वेळा क्लबचा बेस्ट अँड फेअरेस्ट (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू), घोळक्यातून बॉल काढण्यात कधीकाळी अख्ख्या लीगमधे त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि क्रिश्चन पेट्राका त्याचाच जोडीदार, २०२१ ची ग्रँड फायनल, मेलबर्नचा ५७ वर्षांचा उपास सुटला, ३९ डिस्पोजल, नॉर्म स्मिथ मेडल (ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं). एकाच टीमचे, एकाच वयाच्या आसपासचे, एकाच ऑफ सिझनला दोघं गेले. पेट्राकासाठी गोल्ड कोस्टने ड्राफ्टमधले (नवी पोरं निवडायची सोडत) पहिल्या राउंडचे एकापेक्षा जास्त पिक, म्हणजे निवडीचे नंबर, मोजले. ऑलिव्हरसाठी जायंट्सनी किरकोळ काहीतरी टेकवलं आणि वर त्याच्या पगाराचा काही भाग मेलबर्नच भरतंय.

कारण इथे खेळाडूची किंमत ही खेळाडूची नसतेच रे, त्याच्या काँट्रॅक्टची असते. अख्ख्या क्लबला पगाराची मर्यादा आहे, २०२५ ला ती पावणेदोन कोटी डॉलरच्या जरा वर होती, त्यात चाळीसच्या वर पोरं सांभाळायची. ऑलिव्हरचा करार २०३० पर्यंतचा. चांगल्या दिवसांत लिहिलेला लांब करार खराब दिवसांत गळ्यातली धोंड होतो, मग घेणारा म्हणतो माणूस घेतो पण धोंड अर्धी तू उचल.

ब्लूज_काका
आणि त्या हिशोबात डेकॉस कॉलिंगवूडला कसा मिळाला तेपण लिहा की, फादर-सन! बाप पीटर डेकॉस २५० मॅच खेळलेला, १९९० च्या फ्लॅगवाला, मग मुलगा आपोआप तुमच्याच घरी. बाकीचे क्लब ड्राफ्टमधे बघत बसले. वडिलोपार्जित जमीन मिळाल्यावर "बघा आम्ही कसं कमावलं" म्हणू नये माणसाने.

पाईज_पक्की
काका जमीन वडिलोपार्जित असली तरी पीक घ्यावं लागतं! आणि फुकट नाही मिळाला, चौथ्या नंबरला दुसऱ्या क्लबने बोली लावली तिची बरोबरी करायला बाकीचे पिक विकून पॉइंट गोळा केले होते. २०२३ च्या अँझॅक डेला एसेंडनविरुद्ध ४० डिस्पोजल, अँझॅक मेडल (त्या मॅचच्या सर्वोत्तम खेळाडूचं), वय तेव्हा २०. बाकी तुमच्या कार्लटनकडे १९९५ च्या फ्लॅगनंतर काय पिकलं ते विचारत नाही, घरात वडीलधारे आहेत.

ब्लूज_काका
हा खालच्या पातळीचा हल्ला आहे 😂 ॲडमिन कुठेत?

गॅबाचा_गडी
ब्रिस्बेनहून उशिरा आलो. तुम्ही मेलबर्नवाले एकमेकांतच भांडता म्हणून हळूच एक टाकतो. आमच्या लायन्सचा लॅची नील. दोन ब्राउनलो, २०२० आणि २०२३. २०१८ ला आम्ही अख्ख्या सिझनमधे ५ मॅच जिंकलो होतो, त्याच्या शेवटी तो फ्रीमँटलहून आला, पुढच्या वर्षी आम्ही टेबलात दुसरे. एकट्याने केलं असं नाही म्हणत, बाकी चांगले लोकपण आले होते, पण सेंटरला बॉल कुणाकडे जाणार हे ठरलेलं असलं की पोरं पळायला लागतात.

आणि २०२५ ची ग्रँड फायनल. नीलची पोटरी दुखावलेली, सब म्हणून बाकावर. जीलॉंगविरुद्ध हाफटाइमला स्कोअर बरोबरीत. दुसऱ्या हाफला तो उतरला, गोलपण मारला, आणि आम्ही ४७ ने जिंकलो. माझी बायको फूटी बघत नाही, तिने फक्त तो मैदानात येतानाचा आवाज ऐकला आणि आतून विचारलं, कोण आलं एवढं? त्याला मी किंमत म्हणतो, बाकी तुमचे तक्ते तुम्हाला लखलाभ.

आकडेमोड
तक्ता लावला तर त्या हाफमधे लायन्सचे बाकी मिडपण सुटलेच होते, नॉर्म स्मिथ विल ॲशक्रॉफ्टला मिळालं, नीलला नाही. पण बायकोच्या प्रश्नाला माझ्याकडे कॉलम नाही, मान्य.

टार्नीटकर
सगळ्यांचे आभार. ठरवलंय, पुढच्या सिझनला पाईजच्या पहिल्या मॅचला वरच्या मजल्यावर बसणार आणि बॉलकडे बघायचंच नाही, फक्त डेकॉस. दुर्बीण सासऱ्यांची आहे, पक्षी बघायला आणली होती. टिपिंगमधे मात्र काय करू ते कुणी सांगितलं नाही.

ब्लूज_काका
दर राउंडला कार्लटन टाक.

पाईज_पक्की
तेच करतायत वाटतं, म्हणून तर तळाला आहेत.