शॅम्पू बदलून काय होणार?

दर रविवारी आंघोळ घालूनही दोन दिवसांत बोक्याच्या (कुत्र्याचं नाव बोक्या, मानलं बुवा!) पोटाला मुताचा वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. शॅम्पूचा दोष नाही. नराच्या शिश्नाजवळचे लांब केस थेंब धरून ठेवतात आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात ते वाळतच नाहीत.

आमच्या लॅब्याचंही (लॅब्रॅडॉर कुत्रा) हेच, शेपटीपेक्षा पोटच जास्त ओलं. ते केस बोथट कात्रीने कापा, पण अगदी मुळाशी नको. टोकाची बट साधारण इंचभर ठेवा. फार आखूड केली तर खुंट टोचतात, मग तो चाटत बसतो. फिरून आल्यावर कोमट पाण्याचं फडकं फिरवायचं आणि कोरडं पुसायचं. पुढच्या पायांची आतली बाजूही हुंगून बघा, शिंतोडे तिथेही असतात. डेटॉल मात्र अजिबात नको. गादीचं कव्हर धुतलंत ना? अर्धा वास तिथूनच परत येतो.

किंचित पिवळसर स्राव नरांमध्ये असतोच. पण तो हिरवट, भरपूर किंवा रक्ताळ असेल, किंवा बोक्या सारखा थोडंथोडं मुतत असेल, तर आधी लघवी तपासून घ्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचा दवाखाना) आहेच.